दरडोई 280

सोलापुरातला सात रस्त्याचा कट्टा, मावशींच्या भज्यांचा दुसरा घाणा. घरोघर नळ देणाऱ्या जलजीवन योजनेच्या थकलेल्या बिलांवरून विषय निघाला आणि शेठनी लगेच सूर लावला.

"फुकट दिलं की किंमत नसती बे. दहा टक्के लोकवर्गणी भरायला काय होतंय? मोबाईलला बरे पैसे असतात!"

शेठचा कुठलाही मुद्दा शेवटी मोबाईलवरच येतो. अण्णांनी हातातलं भजं खाली ठेवलं. पाणीपुरवठ्यात ओव्हरशिअर म्हणून जन्म गेलेला माणूस.

"गावांतर्गत कामाच्या दहा टक्के. निम्म्याहून जास्त लोक अनुसूचित जाती-जमातीचे असतील तर पाच. रोख नसेल तर श्रमदान चालतं. वर्गणीवर गाडी अडत नाही शेठ. फीत कापून झाली की मग अडती."

भज्याच्या कागदावरच हिशेब सुरू झाला. 400 माणसांची, 80 घरांची वस्ती. माणशी 55 लिटर, म्हणजे रोज 22,000 लिटर. पाणी 40 मीटर वर चढवायचं, पंप निम्म्या कार्यक्षमतेचा धरला तरी दिवसाला पाचेक युनिट.

"पाचच?" इंजिनिअरिंगवाल्या पोराला पटेना.

"पाचच. विजेनं वस्ती मरत नाही. मोटार जळाली की वाइंडिंग, गळका व्हॉल्व्ह, टाकी धुणं, पाण्यात टाकायची टीसीएल पावडर आणि रोज कॉक फिरवणारा माणूस, यानं मरती. 4,000 च्या गावाला माणूस एक लागतो, 400 च्या वस्तीलाही एकच लागतो. तिकडं त्याचा पगार 800 घरांत वाटला जातो, इकडं 80 घरांत."

"मग पाणीपट्टी वाढवा की."

"गरिबाच्या घराला दहापट लावू? तुमच्या कारखान्याची लावताना किती वर्षं भांडलात, आठवतंय का?"

तो वाद जुना आहे. शेठ मावशींकडं चहा मागायला वळले.

पोरानं सांडपाण्याचा विषय काढला. टेंभुर्णीनं घरोघर सांडपाणी जमिनीत जिरवणारे शोषखड्डे केले, गटारं बंद केली, डास गेले.

"कुठले गेले? परवा टेंभुर्णीच्या स्टँडवर मला फोडून काढलं डासांनी," शेठ म्हणाले.

"ती आपली, माढ्यातली. मी नांदेडची म्हणालोय!"

हसणं थांबेपर्यंत चहा आला. पण अण्णा खड्ड्यातच होते. इथून पुढचं त्यांचं बोलणं प्रत्येक ग्रामसेवकानं ऐकावं असं होतं.

"आपल्याकडं काळी माती. ओली झाली की फुगती आणि पाणी धरून बसती. आधी परीक्षा घ्यायची. दीड फूट खड्डा, पाणी भरून रात्रभर भिजू द्यायचा, सकाळी परत भरायचा आणि घड्याळ लावायचं. इंचभर पाणी उतरायला तासाहून जास्त लागला तर तिथं शोषखड्डा करायचा नाही. काळीखाली मुरूम लवकर लागत असेल तर थर फोडून तिथवर जायचं, पण विहीर-बोअरपासून लांब. आधी गाळाची छोटी टाकी हवीच. भांड्याची राख, खरकटं, साबणाची साय तिथं अडली नाही तर खड्डा बुजतो. पंधरा दिवसाला ती टाकी उपसायची."

"आणि मुरूम खोल असला तर?" पोरगं.

"मग गटार काढून पाणी वस्तीबाहेर स्थिरीकरण तळ्यात, म्हणजे ते साठून साफ होतं अशा तळ्यात न्यायचं. आता पैसे बघ. स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्याला 5,000 लोकसंख्येपर्यंत दरडोई 280. त्याच्यावर 660."

"उलटं झालं की हे!"

"कागदावर सरळ आहे. लहान गाव म्हणजे खड्ड्यात भागेल, मोठ्या गावाला गटार नि तळं लागणार, असं धरलंय. माती कुणी विचारली? 400 गुणिले 280, एक लाख बारा हजार. घरटी 1,400. त्यात खणाई, रिंग, पाईप, गाळटाकी बसवून दाखव. वर त्यातला 30 टक्के हिस्सा वित्त आयोगाच्या निधीतून, म्हणजे ग्रामपंचायतीच्याच खात्यातून."

काळ्या मातीतल्या वस्तीला माणसं मोजून नाही, माती बघून पैसे द्यायला पाहिजेत. यात दोन मतं असायचं कारण नाही.

शेठ मात्र हटले नाहीत. "आपण शहरात कित्येक वर्षं चार-पाच दिवसांआड पाणी भरतोय, उजनी 117 टीएमसीचं असून. आपल्याला कोण देतंय?"

"तुम्हाला गच्चीवर 5,000 लिटरची टाकी आहे. त्यांच्याकडं घागर आहे," मावशी कढईतून नजर न काढता म्हणाल्या.

कट्टा शांत. मग मावशींनी वही काढली. शेठची उधारी, दिवाळीपासूनची.

"दरडोई वाटा की," शेठ म्हणाले आणि मागून कुणीतरी ओरडलं, "तुम्ही 660 वाले!"