अगरबत्तीला वाजले नाही म्हणून यंत्र खोटे ठरत नाही

आमच्या वाडीच्या ग्रुपवर पावसाळ्यापासून एक मेसेज फिरतो आहे. दापोली, श्रीवर्धन, गुहागर, सगळीकडच्या ओळखीच्या माणसांनी तो मला पाठवला. त्याचे म्हणणे असे: कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू ओळखून भोंगा वाजवणारी, सेलवर चालणारी यंत्रे म्हणजे फसवणूक. अगरबत्तीचा धूर दिला तरी ती वाजत नाहीत, सेल दिवसभरात संपतात, खाऱ्या दमट हवेत सेन्सर मरतो, आणि आपल्या हवेशीर घरांत त्यांची गरजच काय? तो वाचून शेजारच्या काकांनी होमस्टेच्या न्हाणीजवळचे यंत्र काढून कपाटात टाकले. न्हाणीतला गॅस गिझर, ज्यातून हा वायू निघू शकतो, तो मात्र रोज पेटतो. मला हे बघवत नाही.

आधी अगरबत्ती. धूर म्हणजे हवेत तरंगणारे बारीक कण. ते ओळखणारे यंत्र वेगळे असते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. या यंत्रातल्या विद्युतरासायनिक सेन्सरमध्ये त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि त्यातून अगदी क्षीण विद्युतप्रवाह वाहतो. तोच मोजला जातो. शिवाय वायू सापडला तरी भोंगा लगेच वाजू नये, अशीच रचना असते. ईएन ५०२९१ या युरोपीय मानकाप्रमाणे हवेत ५० पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) वायू असेल तर ६० ते ९० मिनिटांत, १०० पीपीएमला १० ते ४० मिनिटांत, आणि ३०० पीपीएमला ३ मिनिटांच्या आत वाजले पाहिजे. कारण हा वायू ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्टपणे हिमोग्लोबिनला चिकटतो आणि रक्तात साठत जातो. किती वायू आणि किती वेळ, दोन्ही मिळून धोका ठरतो.

माझा मावसभाऊ लोटे-परशुरामला कारखान्यात आहे. तिथे गॅस मीटर तपासायला ठरावीक प्रमाणाचा वायू असतो. त्याच्या देखरेखीखाली आम्ही माझे यंत्र पारदर्शक पिशवीत ठेवून त्यात १०० पीपीएमचा वायू सोडला. पडद्यावरचा आकडा दोनेक मिनिटांत नव्वदीत गेला. भोंगा मात्र गप्प. मी घड्याळाकडे बघत बसलो. अठराव्या मिनिटाला तो वाजला आणि आम्ही दोघेही दचकलो. अगरबत्ती लावणारा माणूस अठरा मिनिटे थांबत नाही. घरी शेगडी नाहीतर गाडीचा धूर वापरून असला प्रयोग कुणी करू नका. आणखी एक: यंत्रावरचे टेस्ट बटण बहुतेक वेळा फक्त भोंगा, सर्किट आणि सेल तपासते. सेन्सर वायू ओळखतो की नाही, हे त्याने कळत नाही.

सेलबद्दलची भीती कुठून आली, ते मला ठाऊक आहे. शाळेच्या प्रकल्पांत एमक्यू-७ नावाचा स्वस्त सेन्सर लावतात. त्यात हीटर असतो आणि तो साधारण ३५० मिलिवॅट खातो. दोन एए सेलमध्ये सात वॉट-अवरच्या आसपास ऊर्जा, म्हणजे वीस तासांत खेळ खलास. घरगुती यंत्रातल्या विद्युतरासायनिक सेन्सरला हीटर लागत नाही. मी सेल आणि स्प्रिंगच्या मध्ये मल्टिमीटर जोडून पाहिला: शांत असताना २० मायक्रोअँपिअर. दिवा लुकलुकला की आकडा उडी घेतो आणि ती उडी साध्या मीटरला नीट सापडत नाही, म्हणून मी दुप्पट, ४० धरले. वर्षाला साधारण ३५० मिलिअँपिअर-अवर. अल्कलाइन एए सेलची क्षमता २५०० च्या घरात असते. कागदावर सात वर्षे निघतात, पण सेल नुसते पडूनही उतरतात आणि भोंग्याला बराच जास्त प्रवाह लागतो. मी दरवर्षी मृग लागायच्या आधी बदलतो.

दमट हवेचा मुद्दा अर्धा खरा आहे. सेन्सरमध्ये मुळात पाणी मिसळलेला इलेक्ट्रोलाइट, म्हणजे वीज वाहू देणारा द्राव असतो. फार कोरड्या हवेत तो सुकण्याचा धोका असतो, तो आपल्याकडे कमीच. आपल्याकडे खराब होतात त्या सेलच्या पट्ट्या. खाऱ्या वाऱ्याने त्यांच्यावर हिरवट थर चढतो आणि हलके सेल गळतात. कोरड्या फडक्याने पुसावे, अल्कलाइन सेल घालावेत. इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळ यंत्र लावू नये. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि त्यालाही हा सेन्सर फसतो. विनाकारण वाजल्याच्या काही तक्रारी अशा असू शकतात. तरीही वाजले की आधी सगळ्यांनी बाहेर पडायचे, कारण नंतर शोधायचे.

हवेशीर घर? कौलाखालचे माजघर असेलही. पण नव्या स्लॅबच्या न्हाणीला वीतभर झरोका, तोही पावसात बंद. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकले, तेव्हा कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. अशा वेळी पडवीत जनरेटर लावून पावसामुळे दारे ओढून घेतली, तर धुराड्यातला वायू फटींतून आत शिरतो. हा वायू हवेपेक्षा किंचित हलका असतो, हवेत मिसळून खोलीभर पसरतो. खाली बसून राहत नाही.

काल काकांकडे जाऊन कपाटातले यंत्र काढले. पाठीवर बदलण्याची तारीख छापलेली होती, अजून तीन वर्षे बाकी. पट्ट्या पुसल्या, सेल घातले. काकांनी स्वतःच न्हाणीबाहेरच्या जुन्या खिळ्यावर ते टांगले.