‘पहिल्यांदाच’ हा शब्द खटकला

शर्करा-रेणूंचा कर्करोगावरील औषध म्हणून विचार ‘आता पहिल्यांदाच’ होत आहे, हे लेखातील विधान पटले नाही. स्ट्रेप्टोझोटोसिन या कर्करोगावरील जुन्या औषधाच्या रेणूत ग्लुकोजचाच सांगाडा आहे. स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी ग्लुकोजच्या वाटेनेच त्याला आत घेतात, म्हणून त्या पेशींच्या गाठींवर ते वापरले जाते, आणि अमेरिकेत त्याला १९८२ मध्येच मान्यता मिळाली आहे.

खरी अडचण मात्र लेखात आलीच नाही. हे औषध मूत्रपिंडालाही इजा करते, त्यामुळे त्याची मात्रा मर्यादित ठेवावी लागते. साखर निरोगी पेशींनाही लागतेच. वडिलांच्या पेट स्कॅनमध्ये (यात साखरेसारखा किरणोत्सारी पदार्थ टोचतात आणि तो जास्त शोषणारे भाग चित्रात उजळतात) गाठीबरोबर मेंदूही उजळलेला दिसला, तेव्हा ते स्वाभाविक असल्याचे डॉक्टरांनी सांगेपर्यंत आमचा जीव टांगणीला लागला होता.