‘बायांना आता काम तरी काय?’ म्हणणाऱ्यांना

आठवडाभरापासून गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. गॅस आला, नळ आला, चक्की आली, वर लाडक्या बहिणीचे दीड हजार. खेड्यातल्या बायांना आता काम उरलं नाही, त्या घरी बसल्या म्हणून वावरात मजूर मिळत नाही, असं त्यात लिहिलंय. मी यवतमाळ जिल्ह्यातली, रोज वावरात जाणारी बाई. माझं उत्तर वाचा.

गॅस आला, खरं आहे. उज्ज्वला २०१६ची. धूर कमी झाला, हे मी नाकारत नाही. पण सिलिंडर पुरवून वापरावा लागतो. चहा-भाजी गॅसवर, आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच. त्यासाठी पऱ्हाट्या-तुराट्या उन्हाळ्यात वाहून आणून रचते ती बाईच. नळ त्याच्या वेळेला येतो. तेव्हा गुंड्या भरायला कोण थांबतं?

जातं गेलं, पण बचत गटाचा हप्ता, रेशनचा अंगठा, शाळेतली पालकसभा आणि त्या दीड हजाराची केवायसी आली. सासूबाईंच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. सरकारच्याच देशभरातल्या वेळ-वापर सर्वेक्षणात २०१९ला बाईचं घरकाम दिवसाला २९९ मिनिटं निघालं, २०२४ला २८९. एवढ्या सोयी येऊन दहाच मिनिटं वाचली. पुरुषांचं ९७ वरून ८८ वर आलं.

दीड हजार म्हणजे दिवसाचे पन्नास रुपये. तेवढ्यासाठी कोणती बाई दिवसाची मजुरी सोडेल?

आणि मजुराचं वाचून तर मला फार राग आला. आपल्याकडे कापूस अजून हातानेच वेचतात आणि वेचणाऱ्या बहुतेक बायाच. पहाटे चारला उठून डबे करायचे, मग दिवसभर कमरेला ओटी बांधून वाकायचं. वाळल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला घुसतात. डिसेंबरात भाकर थापताना त्या चिरांत पीठ-पाणी झोंबतं. पैसे किलोवर, म्हणून पाणी प्यायलाही कोणी बसत नाही. मजूर कमी पडतात, कारण दसरा-दिवाळीला सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची पहिली वेचणी सगळ्यांची एकदमच येते. इकडे तणनाशकाने निंदणाचे दिवस खाल्ले. पावसाळ्यात आम्ही काम विचारत दारोदार फिरतो, तेव्हा असा मेसेज कोणी टाकत नाही.

घरच्या वावरात राबते तिला तर मजुरीही नाही. सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून तिला शेतकरी कोणी म्हणत नाही. मागे घरी सर्व्हेवाला आला होता. मी डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन दारात पोचले, तेव्हा तो निघतच होता. माझ्या नावापुढे ‘घरकाम’ लिहून झालं होतं, घरच्यांनीच तसं सांगितलं होतं. मी गाठोडं खाली टाकलं, त्याला परत बसवलं आणि तिथे ‘शेती’ लिहून घेतलं.