शंभर वर्षांचा पूर येऊन गेला म्हणून निवांत राहू नका

पावसाळा तोंडावर आला की सांगली-कोल्हापुरात एक मेसेज हमखास फिरतो: ‘2019 चा पूर शंभर वर्षांतून एकदा येणारा होता. तो येऊन गेला, आता आपल्या हयातीत नाही. निसर्ग सरासरी राखतो. आणि जुने आकडे आहेतच हाताशी.’ यावर विसंबून लोक पुन्हा तळमजल्यावर माल भरतात, म्हणून हे लिहितोय.

‘आता हयातीत नाही.’ कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 2019 ला 55 फुटांच्या वर गेली होती. दोनच वर्षांनी, जुलै 2021 मध्ये, ती 56 फूट ओलांडून गेली. ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणजे दर वर्षी 1 टक्का शक्यता. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. तीस वर्षं त्याच घरात राहणार असाल, तर एकदा तरी तसा पूर येण्याची शक्यता 26 टक्के, म्हणजे चारात एक. तीही प्रत्येक वर्ष सुटं, म्हणजे मागच्या वर्षाशी संबंध नसलेलं, धरून.

‘निसर्ग सरासरी राखतो.’ वर्षं सुटी नसतातच, खरी मेख इथेच आहे. ब्रिटिश जलतज्ज्ञ हेरॉल्ड हर्स्ट यांनी इजिप्तमधल्या नाईल नदीच्या धरणांसाठी किती साठा लागेल याचा हिशेब मांडताना शेकडो वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि 1951 मध्ये दाखवून दिलं की भरपूर पाण्याची वर्षं एकमेकांना धरून येतात, तुटीचीही तशीच. नदी मागची वर्षं लवकर विसरत नाही. एका मोठ्या वर्षानंतर लगेच लहान वर्ष येऊन हिशेब मिटेल, हे गृहीतच चुकीचं.

‘जुने आकडे आहेतच.’ आहेत, पण ते एकाच नदीचे आहेत का? असवानजवळ नाईलचा वार्षिक प्रवाह 1898 च्या सुमारास साधारण 110 अब्ज घनमीटरवरून 85 वर उतरला आणि तिथेच राहिला. दोन्ही काळांची मिळून सरासरी काढली तर ती कुठल्याच काळाला लागू पडत नाही. आपल्याकडे 1960 च्या दशकात कोयना धरण झालं, त्याआधीची कृष्णा आणि नंतरची कृष्णा एका मालिकेत सरळ ओवता येत नाहीत. शिवाय सांगलीच्या आयर्विन पुलावर आपण वाचतो ती पाण्याची उंची, विसर्ग (दर सेकंदाला किती पाणी वाहतं, ते क्युसेकमध्ये मोजतात) नव्हे. पात्रात गाळ साचला, काठावर भराव पडले, की तेवढ्याच क्युसेकला पाणी आणखी वर चढतं.

तेव्हा 2019 ची रेघ भिंतीवर असेल तर माल तिच्याही वर ठेवा. कोल्हापुरात ती रेघ 2021 लाच बुडाली.