दहावीच्या सुट्टीत एक महिना वही लिहून बघा

दहावीला टक्के कमी पडले म्हणून कॉमर्स, आणि कॉमर्स घेतलंच आहे तर सीए, असं परस्पर ठरवून टाकणारी घरं अजूनही भरपूर आहेत. पोराला किंवा पोरीला हिशोब लिहायला आवडतो का, हे मात्र कोणी विचारत नाही. ते कळायला कुठल्या क्लासची फी भरावी लागत नाही. शंभर पानी वही आणि एक महिना पुरतो.

घरच्या खर्चाची रोजकीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची नोंदवही (जर्नल), लिहा. घरचं दुकान असेल तर दुकानाची लिहा, ती जास्त शिकवते. १ तारखेला हातातली रोकड आणि बँकेतली शिल्लक मांडून घ्या. मग रोज रात्री त्या दिवसाचे व्यवहार. यूपीआयने ६४ रुपयांचं दूध घेतलं: दूध खर्च खाते नावे (डेबिट) ६४, बँक खाते जमा (क्रेडिट) ६४. दर रविवारी खतावणी करा, म्हणजे प्रत्येक नोंद ज्या त्या खात्यावर उतरवा. महिनाअखेरीला तेरीज काढा, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा शिलकांच्या बेरजा जुळतात का बघा, आणि बँक खातं पासबुकाशी ताडून बघा.

पासबुक उघडलं की बहुतेक मुलं अडखळतात. बँकेत ५,००० रुपये भरले की पासबुकात ते ‘जमा’ दिसतात, आपल्या वहीत मात्र बँक खातं ‘नावे’ होतं. चूक कोणाचीच नाही. पासबुक ही बँकेच्या वहीची नक्कल आहे. ते पैसे बँकेचं देणं आणि तुमचं येणं. मराठीत ‘जमा’ म्हणजे पैसे आले, हे डोक्यात इतकं पक्कं असतं की आपल्या मुलांना ही गोष्ट जास्तच नडते. पाठ करून ती सुटत नाही. दर वेळी ‘वही कोणाची?’ एवढंच विचारायचं. हे एकदा उमगलं की अकरावीचं बीके (बुक-कीपिंग) निम्मं हलकं होतं.

पहिल्या महिन्यात तेरीज बहुधा जुळणार नाही. वही मिटू नका, फरकाचा आकडा बघा. ९०० चा फरक आहे, ९ ने भाग जातो, तर आकड्यांची अदलाबदल शोधा: किराण्याचे ५,४०० खतवताना ४,५०० झाले असतील. फरक १२८ असेल तर निम्मा करा. ६४, म्हणजे दूध चुकीच्या बाजूला गेलंय. यातलं काहीच नसेल तर एका बाजूची खतावणी राहिली असेल, तेवढीच रक्कम रोजकीर्दीत शोधा. आणि तेरीज जुळली म्हणजे हिशोब बरोबर, असंही नाही. फ्रीजच्या दुरुस्तीचे १,२०० दुरुस्ती खर्चाऐवजी फ्रीजच्या खात्याला टाकले तरी तेरीज बिनबोभाट जुळते, आणि मालमत्ता मात्र उगाच १,२०० ने फुगते.

असा फरक शोधताना जेवायची हाक ऐकू येत नसेल, तर टक्के कितीही असोत, हे काम तुमचं आहे. महिनाभर नुसत्या जांभयाच आल्या तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

कारण ऑफिसातलं काम याच जातीचं असतं. जीएसटी क्रमांक १५ अक्षरी असतो: सुरुवातीला राज्याचा कोड (महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०), पुढची दहा अक्षरं पॅनची. विक्रेत्याने रिटर्न भरताना माल घेणाऱ्याचा क्रमांक चुकवला की घेणाऱ्याच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे त्याच्या खरेदीवरच्या कराच्या महिन्याच्या तक्त्यात, ते बिल दिसत नाही आणि भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे वजावट, अडकतं. इकडे महिन्याचं रिटर्न भरायची २० तारीख जवळ आलेली असते. हे वेळेत पकडणारा माणूस प्रत्येक धंद्याला हवा असतो.

अकरावीत सोपं पडतं म्हणून गणित सोडून एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घेण्याची पद्धत मला अजिबात पटत नाही. सीएची पहिली परीक्षा म्हणजे फाउंडेशन. तिच्या चार पेपरांपैकी एक अख्खा १०० गुणांचा पेपर गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा आहे, आणि तिथे चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. प्रत्येक पेपरात ४० आणि चारांत मिळून २०० गुण लागतात. सगळीकडे ४५ मिळाले तर बेरीज १८०, म्हणजे नापास. तिन्हीत ७० आणि गणितात ३८ मिळाले तरीही नापास. दुसरा प्रकार फार लागतो मनाला.

पुढे इंटरमीजिएटचे दोन्ही ग्रुप, मग दोन वर्षं आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली उमेदवारी, मग फायनल. पहिल्या फटक्यात सगळं निघालं तरी बारावीनंतर साडेतीन-चार वर्षं धरा.

पण सीए म्हणजेच अकाउंटिंग नव्हे. कारखान्यात वस्तूचा उत्पादनखर्च काढण्यात रस असेल तर सीएमए (कॉस्ट अँड मॅनेजमेंट अकाउंटंट) बघा. आपल्या राज्यात पतसंस्था, सोसायट्या, दूध संघ यांचं जाळं केवढं मोठं आहे! त्यांच्या लेखापरीक्षणाकडे जाणारी वाट म्हणजे सहकार खात्याची जीडीसी अँड ए परीक्षा. तिला पदवी लागते, आणि लेखापरीक्षकांच्या नामतालिकेवर (पॅनेलवर) यायला अनुभवाच्या अटी आहेत. गावात राहून सन्मानाने करण्यासारखं हे काम, पण दहावी-बारावीच्या मुलांना त्याचं नावही कोणी सांगत नाही.

फाउंडेशनची नोंदणी दहावीनंतर करता येते, परीक्षा बारावीनंतर. मात्र परीक्षेच्या चार महिने आधी नोंदणी झालेली हवी, म्हणजे मेच्या परीक्षेसाठी १ जानेवारीपर्यंत. बारावीच्या प्रिलिमच्या धांदलीत ही तारीख हमखास निसटते आणि मुलं थेट सप्टेंबरवर जातात. अकरावीतच नोंदणी उरकून घ्या.