कारखान्याचं इथेनॉल म्हणजे फुकटचं रेस फ्युएल? थांबा जरा राव

गेल्या पंधरा दिवसात एकच मेसेज मला चार जणांनी पाठवला, त्यातला एक मेव्हण्यानं, ज्याच्याकडं अल्टो आहे. खाली लिहिलंय, "दाजी, पोलोत टाकून बघा की." मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: इथेनॉलचा ऑक्टेन 108, अमेरिकेतल्या इंडीकार रेसच्या गाड्या त्याच्यावर पळतात, पंपावर ई20 मिळतंय म्हणजे अर्धं रेस फ्युएल आधीच टाकीत आलंय, टर्बो गाडी रिमॅप केलेली (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग, म्हणजे मॅप, बदललेली) असेल तर कारखान्यातनं स्पिरिट आणा आणि पेट्रोलमध्ये अर्धं-अर्धं मिसळा, पॉवर 30 टक्के वाढते, मायलेज टक्का-दोन टक्केच पडतं, इंजिन थंड राहतं आणि स्वस्तही पडतं.

मी सातारचा. गाडी पोलो 1.2 टीएसआय, स्टेज वन रिमॅप. शनिवारी रात्री गाडीला लॅपटॉप लावून लॉग (इंजिनच्या नोंदी) बघत बसणं हा माझा छंद, बायको त्याला आजार म्हणते. इथेनॉलशी माझं वाकडं नाही, आमचाही ऊस कारखान्यालाच जातो. पण या मेसेजमध्ये खरं आणि खोटं असं कालवलंय की निवडायला बसावं लागतं, म्हणून बसलो.

"ऑक्टेन 108, म्हणून पॉवर जास्त." आकडा बरोबर आहे, आरओएन पद्धतीनं (हलक्या चाचणीत) मोजला तर. एमओएननं (कडक चाचणीत) मोजला तर 90 च्या आसपास येतो, पण तो आकडा कोण फॉरवर्ड करतंय. मुद्दा असा की ऑक्टेन म्हणजे ताकद असं काही नसतं. इंधन दाबाखाली, प्लगच्या ठिणगीची ज्योत पोचायच्या आत आपोआप पेटायला किती नकार देतं, एवढंच तो आकडा सांगतो. ताकद म्हणाल तर किलोभर पेट्रोलमध्ये साधारण 43 मेगाज्यूल असतात आणि किलोभर इथेनॉलमध्ये 27. मग रेसवाले येडे आहेत का? नाहीत, आणि खरी गंमत इथंच आहे. इंजिनात इंधन पाहिजे तेवढं ओतता येतं, अडतं ते हवेपाशी. एक किलो पेट्रोल नीट जळायला 14.7 किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला फक्त 9. आता भागाकार करा, किलोभर हवेमागं दोन्हीकडं जवळपास 3 मेगाज्यूलच निघतात, म्हणजे तेवढ्याच हवेत तेवढीच ऊर्जा, फुकट काहीच नाही.

मग फायदा कुठनं येतो तर गारव्यातनं. हाताला सॅनिटायझर लावला की गार वाटतं ना, तसंच. इथेनॉलची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेतं, किलोमागं पेट्रोलच्या अडीच पट, आणि तेवढ्याच हवेला ते किलोच्या हिशोबात दीड पटीपेक्षा जास्त लागतं, म्हणजे एकूण गारवा चौपट. आतली हवा गार झाली की नॉकिंग (हे असं आपोआप पेटणं) लांब राहतं, मग ट्यूनर टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) पुढं घेतो, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवतो, आणि पॉवर त्या टायमिंग-बूस्टमधनं येते. कोनिगसेगची सुपरकार सीसीएक्सआर पेट्रोलवर 806 हॉर्सपॉवर द्यायची आणि ई85 वर (85 टक्क्यांपर्यंत इथेनॉल) 1018, हे खरं आहे, पण तिचे इंजेक्टर (इंधन फवारणारे नोझल) मोठे, फ्युएल लाईन वेगळ्या, बूस्ट जास्त. मॅप तोच ठेवून नुसतं इंधन बदललं तर ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) जेवढं टायमिंग लिहून दिलंय त्याच्यापुढं तो जाणार नाही. 30 टक्के सोडा, तीन टक्क्याचीपण खात्री नाही.

"ई20 म्हणजे अर्धं रेस फ्युएल." शंभरात वीस म्हणजे अर्धं कुठल्या शाळेत शिकवतात? पण यात खरा भाग आहे तोही सांगतो. बीएस-6 चं साधं पेट्रोल 91 ऑक्टेनचं होतं, ई20 चं स्पेसिफिकेशन 95 चं आहे, आणि माझ्या लॉगमध्ये हा फरक दिसतो. यवतेश्वरचा घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढताना ईसीयू आधी टायमिंग जेवढं मागं खेचायचा तेवढं आता खेचत नाही. पण इथंही पॉवर वाढलेली नाही, 95 साठी लिहिलेल्या मॅपला इतके दिवस 95 मिळतच नव्हतं ते आत्ता मिळायला लागलं.

पंपावर खरंच वीस टक्के असतं का, हे घरी बघता येतं. मापाच्या काचेच्या नळीत 80 मिली पेट्रोल घ्यायचं, वर 20 मिली पाणी ओतायचं, बूच लावून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. (उघड्यावर करा, जवळ बिडी-सिगारेट नको, आणि ते पेट्रोल परत टाकीत ओतू नका.) इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याकडं पळतं, त्यामुळं खालचा थर 20 वरनं वाढून 36 च्या आसपास येतो. वाढलेले 16 मिली म्हणजे 80 मधले वीस टक्के. पहिल्यांदा हे केलं तेव्हा पोरगं शेजारी उभं राहून बघत होतं, म्हणालं पप्पा पाणी वाढलं कसं. रसायनशास्त्राचा एवढा चांगला तास मला शाळेतपण मिळाला नव्हता.

आता मुख्य मुद्दा, "अर्धं-अर्धं मिसळा". इथं मला राग येतो, कारण हे वाचून एकानं केलं. इस्लामपूरकडचा दोस्त आहे, ऑक्टाव्हिया 1.8 टीएसआय, रिमॅप केलेली. स्पिरिट कुठनं आणलं ते मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. गावात फिरवली तेव्हा गाडी मस्त, फोन करून म्हणाला, लगा काय गार पळतीया. मग पुण्याला निघाला, खंबाटकीत चढाला पाय दाबला आणि गाडी चार-पाच झटके देऊन मेली, डॅशबोर्डवर ईपीसीचा (इंजिनातल्या बिघाडाचा) दिवा, लिम्प मोड (गाडी स्वतःच पॉवर तोडते तो), मागं ट्रकची रांग. नंतर आम्ही स्कॅनर लावला तर चित्र स्वच्छ होतं. साध्या चालवण्यात ऑक्सिजन सेन्सर सांगतोय मिश्रण लीन (हवा जास्त, इंधन कमी) आहे, म्हणून ईसीयू इंधन वाढवत-वाढवत नेतोय, फ्युएल ट्रिम (ईसीयूनं केलेली इंधनाची वाढ-घट) अधिक बावीस टक्के, म्हणजे वाढवायची हद्द जवळ आलेली. आणि फुल थ्रॉटलला हाय प्रेशर पंपाचा दाब मागणीच्या कितीतरी खाली, कारण पंपाचा दमच संपलेला. हिशोब सोपा आहे, ई20 ला किलोभर इंधनाला 13.5 किलो हवा लागते, ई85 ला 9.8. म्हणजे तेवढ्याच हवेला ई85 वर शुद्ध पेट्रोलपेक्षा चाळीसेक टक्के जास्त लिटर ओतावं लागतं, आणि ई20 मध्ये अर्धं स्पिरिट घातलं की ते ई60 च्या आसपास जातं, म्हणजे त्याच वाटेवर. रिमॅप केलेल्या गाडीत इंजेक्टर आणि पंप आधीच हद्दीवर चालतात, वरची ही मागणी ते कुठनं आणणार? बूस्ट पूर्ण आणि इंधन अपुरं ही अवस्था पिस्टनला सगळ्यात वाईट. त्याचं नशीब, मिसफायर (इंधन न पेटल्यानं बसणारे झटके) आधी झाला.

शिवाय स्पिरिट म्हणजे इंधनाचं इथेनॉल नव्हे. साध्या ऊर्ध्वपातनानं साधारण 95 टक्क्यांपर्यंतच जाता येतं, राहिलेलं पाणी काढायला डिस्टिलरीत मॉलिक्युलर सीव्ह लागते, तेव्हा कुठं इंधनासाठी लागणारं 99.5 टक्क्यांच्या वरचं मिळतं. रेक्टिफाइड स्पिरिटमधलं ते पाणी सुरवातीला दिसत नाही, पण थंडी वाढली किंवा वर जास्त पेट्रोल पडलं की मिश्रणाची पाणी धरायची ताकद कमी होते, आणि एका हद्दीपलीकडं पाणी-इथेनॉल तळाला, पेट्रोल वर. पंप ओढतो तळातनं. आणि कायद्याचं वेगळंच, स्पिरिटवर राज्य उत्पादन शुल्कवाल्यांची नजर असते, परवान्याशिवाय कॅन भरून नेणं म्हणजे 1949 च्या दारूबंदी कायद्याखालचा गुन्हा. पोलिसाला सांगणार का, साहेब पिण्यासाठी नाही, टर्बोसाठी आहे?

"इंडीकार आणि ब्राझील चालवतात, मग आपण का नाही." इंडीकारचं इंजिन काही हजार किलोमीटरला उघडतात, आपलं लाखभर झालं तरी आपण हेड उघडायला घाबरतो. ब्राझीलमध्ये 1979 ला इथेनॉलवर चालणारी फियाट 147 आली, 2003 पासनं फ्लेक्स गाड्या (पेट्रोल-इथेनॉल कुठल्याही प्रमाणात चालणाऱ्या), म्हणजे रबर, पंप, इंजेक्टर सगळं त्या हिशोबानं कारखान्यातनंच. अमेरिकेत पंपावरच्या ई85 मध्येसुद्धा हंगामाप्रमाणं इथेनॉल 51 ते 83 टक्के असं हलतं, म्हणून तिथले ट्यूनर फ्युएल लाईनमध्ये सेन्सर बसवतात, तो 50 हर्ट्झच्या सिग्नलनं शून्य टक्के आणि 150 हर्ट्झच्या सिग्नलनं शंभर टक्के इथेनॉल असं ईसीयूला सांगतो आणि मॅप आपोआप सरकतो. कॅनमधनं अंदाजानं ओतणाऱ्याकडं काय आहे? अंदाज.

मायलेजचा टक्का-दोन टक्के हा आकडा हवेतला नाही, नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातला आहे, फक्त अर्धा उचललाय, आणि तोही ई20 चा आहे. ई10 साठी बनवलेली आणि ई20 साठी कॅलिब्रेट केलेली चारचाकी असेल तर 1-2 टक्के, आणि शुद्ध पेट्रोलसाठी बनवून ई10 ला कॅलिब्रेट केलेली असेल तर 6-7, हे त्याच अहवालात लिहिलंय. ई20 मध्ये 50-50 मिसळलं तर नुसत्या ई20 पेक्षाही लिटरमागं ऊर्जा पंधराएक टक्के कमी.

स्वस्ताचं म्हणाल तर इथेनॉलमध्ये लिटरमागं ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश, म्हणजे भावही दोन तृतीयांश पडला तरच बरोबरी. 2024-25 ला तेल कंपन्या बी-हेवी मळीच्या (थोडी साखर शिल्लक ठेवलेल्या मळीच्या) इथेनॉलला लिटरला 60.73 रुपये देत होत्या, जीएसटी आणि वाहतूक सोडून. लिटरभर पेट्रोलएवढ्या ऊर्जेचे झाले 90 च्या वर, आणि पंपावरच्या पेट्रोलच्या भावात तर कर धरलेला असतो.

इंजिन थंड राहतं, हे बरोबर. इतकं की डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरला, वेण्णा लेकवर दवबिंदू गोठतात त्या पहाटे, जास्त इथेनॉलवाली गाडी स्टार्ट व्हायला रडते, वाफच नीट धरत नाही. आणि पोवई नाक्यापर्यंत जाऊन परत अशा दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत न जळलेलं इंधन ऑइलमध्ये उतरतं ते वेगळं.

ज्याला खरंच करायचंय त्यानं मोठे इंजेक्टर, पंप, सेन्सर, डायनोवर (पॉवर मोजायच्या रोलरवर) बसून मॅप, आणि दरवेळी एकसारखं मिळणारं इंधन एवढं जमवावं. 2024 पासनं ई100 चे पंप काही राज्यांत सुरू झालेत, त्यात महाराष्ट्र आहे, ट्यूनरशी बोलून तिथं जा. मी स्वतः 95 चा मॅप ठेवलाय, जिथं गर्दी असते अशा पंपावर भरतो म्हणजे ताजं मिळतं, आणि वर्षातनं एखाद्या ट्रॅक डेला पुण्याहून 100 ऑक्टेनवालं घेतो, भाव बघून डोळे पांढरे होतात तरी.

हे सगळं मेव्हण्याला लिहून पाठवलं. त्याचा रिप्लाय आला, "मग दाजी, अल्टोत किती टाकू?" 2012 ची अल्टो. म्हणलं, आधी टायरात हवा टाक.