पुरेशी मोडकी इमारत

ठाण्यात नौपाड्यात जुना फ्लॅट बघायला निघालेल्या माणसाने आधी एक ठरवावं: आपल्याला घर घ्यायचंय, की ते पाडण्याच्या रांगेतला नंबर? आमच्याकडे नवऱ्याला स्टेशनजवळचं घर हवं होतं, सासूबाईंना लिफ्ट, आणि सगळी पायपीट माझ्या गळ्यात. कारण घर फक्त बाईच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. त्या एका टक्क्यात बाईला किती जिने चढावे लागतात, याचा हिशेब मुद्रांक खात्याने केलेला नसावा.

इमारत चाळिशी ओलांडलेली. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हॉलच्या बीमला आडवी चीर, आणि बाथरूमच्या छताचे पोपडे सुटून आतली सळई उघडी पडलेली. वरच्या बिऱ्हाडाचं पाणी तिथे थेंबथेंब उतरत होतं. भाव मात्र नव्या टॉवरला लाजवेल असा.

‘‘एवढा भाव कसला?’’ मी एजंटला विचारलं.

‘‘वहिनी, बिल्डिंगची हालत बघा ना!’’

मला वाटलं, भाव कमी करायला मी हेच बोलणार होते. हा माझं वाक्य का म्हणतोय?

‘‘रिडेव्हलपमेंटला आलीय. आज चारशे तीस स्क्वेअर फूट कार्पेट घ्या, उद्या नव्या बिल्डिंगमध्ये सहाशे मिळतील. अहो, ही चीर नाही, लॉटरी आहे.’’

जुन्या इमारतींच्या पत्रिकेत चार ग्रह असतात, म्हणजे धोक्याच्या चार श्रेणी. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करा आणि पाडा. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे माणसं आत ठेवूनच दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. मालकांना सी-१ हवी, कारण मग बिल्डर येतो. बँकेला सी-३ हवी. कर्ज फिटण्याआधी इमारतीचं आयुष्य संपू नये, एवढीच तिची माफक इच्छा. आणि मला अशी इमारत हवी होती, जी बँकेचा माणूस आला की ताठ उभी राहील आणि त्याची पाठ वळली की खचेल.

पहिल्या तपासणीला नवऱ्याचे दादाकाका आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. त्यांनी स्कूटरच्या चावीने सगळ्या भिंती वाजवल्या, ‘‘इथे पोकळ... इथे भरीव... इथे परत पोकळ’’ असं म्हणत ते बाथरूमपर्यंत पोचले आणि तिथेच थांबले. आयुष्यभर पाणी अडवलेल्या माणसाला ते छतातून गळताना बघवेना. सोसायटीच्या सेक्रेटरींकडे ऑडिट रिपोर्ट मागितला. तीस वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी करायची, असं सोसायटीच्या उपविधीत आहे. ‘‘झालंय की,’’ ते म्हणाले, ‘‘पण जनरल बॉडीत ठेवलेलं नाही. वातावरण बिघडतं.’’

शेवटी ओळखीतली एक तरुण स्ट्रक्चरल इंजिनिअर आणली. तिने काँक्रीटचा टणकपणा मोजणारा रिबाउंड हॅमर काढला, खांबांवर ठोकून आकडे टिपले आणि मग विकणाऱ्या काकांना जरा भीत भीतच विचारलं, ‘‘थोडं फोडून बघू का?’’

‘‘फोडा, फोडा! हवं तेवढं फोडा,’’ काका उत्साहाने म्हणाले. गिऱ्हाईक घराला छिन्नी लावतंय आणि मालक स्टूल धरून उभाय, हे दृश्य मी पहिल्यांदाच बघितलं.

हॉलच्या खांबाचा प्लास्टर काढून तिने आतल्या काँक्रीटचा कपचा उडवला, ब्रशने धूळ झटकली आणि बाटलीतून फिनॉल्फथॅलिन फवारलं. हो, बारावीच्या टायट्रेशनवालंच. काँक्रीट अल्कधर्मी असेतोवर आतली सळई सुरक्षित असते. हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरत सळईपर्यंत पोचला की ते संरक्षण जातं, मग ओल लागली की सळई गंजते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. मग तो जम बसवलेल्या पोटभाडेकरूसारखा मालकालाच बाहेर ढकलायला लागतो, आणि आपल्याला दिसते ती चीर. रंग गुलाबी आला तर काँक्रीट ठणठणीत.

रंग आला. नुसता आला नाही, लग्नातल्या फेट्याला शोभेल असा राणी रंग आला.

काकांचा चेहरा पडला. ‘‘ताई, जरा आणखी खोल खणून बघा ना.’’

‘‘खोल गेलं तर आणखी गुलाबी येईल, काका. बाहेरून आत बिघडत जातं ते.’’

‘‘मी पहिल्या दिवसापासून सांगतेय, घर भक्कम आहे!’’ आतून काकूंचा आवाज आला. काकांनी ज्या नजरेने आत बघितलं, तिचा अर्थ विवाहित वाचकांना सांगायला नको.

बाथरूममध्ये मात्र रंग उमटलाच नाही. काका पुन्हा जरा सावरले. बीमची चीर तिने फोडून पाहिली, ती प्लास्टरपुरतीच निघाली. पुरतं ऑडिट झाल्याशिवाय लेखी काही देणार नाही, असं बजावून ती म्हणाली, ‘‘माझा अंदाज सी-२बी.’’

म्हणजे इमारत पडणार नाही, पाडलीही जाणार नाही. परांची लागणार, छताचा स्लॅब ठोकून सळया घासणार, पॉलिमर मॉर्टर भरणार, वर्गणी निघणार, आणि हे सगळं आम्ही आत डाळीला फोडणी देत असताना.

मी भाव करायला बसले. ‘‘दुरुस्तीचा खर्च वजा करा, काका.’’

‘‘दुरुस्ती? पाडायच्या इमारतीची कोणी दुरुस्ती करतं का?’’

‘‘पण ती पाडायची नाहीये.’’

‘‘मग मजबूतच आहे की. मजबूत घराचा भाव कमी कसा करू?’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दादाकाकांकडेही नव्हतं, ते मघापासून वरच्या बिऱ्हाडाचा नळ बंद करायला गेलेले होते.

जिना उतरताना एजंटने मला बाजूला घेतलं. ‘‘वहिनी, तुम्ही उगाच फोडाफोडी केलीत. आता यांचा रेट गेला. पाचपाखाडीत एक आहे, दाखवू? तिकडे गॅलरीत उभं राहायला सोसायटीनेच बंदी घातलीय.’’ मग आवाज आणखी खाली आणून म्हणाला, ‘‘फक्त त्या इंजिनिअर मॅडमना आणू नका.’’